पाहिजे, बेकु, जाय, होना

बेळगावहून खानापूरच्या वाटेला लागले की उद्यमबाग आणि पिरनवाडी ओलांडल्यावर मच्छे येते. एका बाजूला औद्योगिक वसाहत, तिथली लेथ, फौंड्री आणि सुट्या भागांची कामे. जवळच 1998 साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा ‘ज्ञानसंगम’ परिसर. गावाची जुनी बोली मराठी, पण कामाला आणि शिकायला येणारी माणसे साऱ्या कर्नाटकातून येतात. अशा ठिकाणी कारखान्यांच्या फाटकांवर एक पाटी हमखास असते. मराठीत लिहिली तर ‘कामगार पाहिजेत’, कन्नडमध्ये लिहिली तर ‘केलसगाररु बेकागिद्दारे’.

या दोन वाक्यांच्या भाषा दोन वेगळ्या कुळांतल्या. मराठी आर्यभाषांच्या कुळातली, कन्नड द्राविडी. तरी बांधणी पाहिली तर दोन्ही जुळ्या वाटाव्यात. दोन्हीकडे मालक वाक्यात नाही. ज्याला गरज आहे तो बाहेर राहतो आणि ज्याची गरज आहे तो कामगार कर्त्याच्या जागी बसतो. क्रियापदही त्याच्याच मागे जाते. कामगार अनेक, म्हणून मराठीत ‘पाहिजे’चे ‘पाहिजेत’ झाले. आणि ते अनेक आहेत, शिवाय माणसे आहेत, म्हणून कन्नडमध्ये ‘बेकागिद्दारे’ आले. वस्तू हवी असती तर तिथे ‘बेकागिदे’ असते.

माणसाची सगळ्यात साधी भाषिक गरज म्हणजे ‘मला अमुक पाहिजे’ एवढे सांगता येणे. मूल बोलायला लागते तेव्हा पहिल्या काही शब्दांत ‘दे’, ‘पाहिजे’, ‘नको’ असतातच. परक्या गावी गेलेला माणूस तिथल्या भाषेतून आधी हेच उचलतो. म्हणूनच या शब्दाच्या मागे गेले की कुठली भाषा कुणाच्या शेजारी राहिली, हे फार स्पष्ट दिसते.

चार घरे, एक वाक्य

बेळगावच्या बाजारपेठेत चार भाषा सहज कानावर पडतात. चहा मागायचा तर मराठी माणूस म्हणतो, ‘मला चहा पायजे.’ कन्नड माणूस उत्तर कर्नाटकाच्या धाटणीने म्हणतो, ‘ननग चा बेकु.’ कोकणी घरात ‘म्हाका च्या जाय’ असे वाक्य येते आणि दखनी उर्दूत ‘मेरेकु चा होना.’

चारही वाक्यांत शब्दांचा क्रम एक आहे, आणि चारही भाषांत ‘मी’ हा मागणारा ‘मी’ म्हणून उभा राहत नाही. मला, ननग, म्हाका, मेरेकु: सगळीकडे चतुर्थी. कर्तेपण चहाकडे गेले. मराठीत ‘हवा’ वापरला की हे उघड दिसते: मला चहा हवा, भाकरी हवी, पाणी हवे, वह्या हव्यात. लिंग आणि वचन सगळे वस्तूचे. मागणारा स्त्री असो की पुरुष, एक असो की दहा, क्रियापदाला त्याची दखल घ्यावी लागत नाही.

मराठीत ‘मी इच्छितो’ असे म्हणता येते, पण ते अर्जात आणि भाषणात शोभते. जेवताना भात मागायला कोणी ‘मी भात इच्छितो’ म्हणत नाही. रोजच्या बोलण्यात इच्छा माणसाकडे चालत येते: मला वाटते, मला आवडते, मला जमते, मला पाहिजे. भारतातल्या बहुतेक भाषांत ही सवय आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1956 साली भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ असल्याचा विचार मांडला. कुळे वेगळी असली तरी शतकानुशतके एकत्र नांदलेल्या भाषा एकमेकींच्या सवयी उचलतात, हा त्याचा गाभा. चतुर्थीतला ‘मला’ ही त्या क्षेत्राची एक ठळक खूण मानली जाते.

पाहिजे: ‘पाहणे’चा कर्मणी अवशेष

‘पाहिजे’ हा शब्द आपण इतका वापरतो की त्याच्यात ‘पाहणे’ दडले आहे हे लक्षात येत नाही. प्राकृतात कर्मणी प्रयोग ‘इज्ज’ या प्रत्ययाने होत असे. दिले जाते या अर्थी ‘दिज्जइ’. तो प्रत्यय जुन्या मराठीत ‘इजे’ होऊन उतरला. 1290 साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत कीजे, बोलिजे, म्हणिजे अशी रूपे ठायी ठायी सापडतात: केले जाते, बोलले जाते, म्हटले जाते. पुढे मराठीने कर्मणीसाठी दुसऱ्या वाटा धरल्या आणि ‘इजे’ची जिवंत रूपे संपली. वापर फार होता म्हणून दोन तगली. एक ‘म्हणिजे’, आजचे ‘म्हणजे’, आणि दुसरे ‘पाहिजे’. फ्रेंच अभ्यासक ज्यूल ब्लॉक यांनी 1920 साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या जडणघडणीवरील ग्रंथात अशा अनेक रूपांचा माग काढला आहे. त्याचे मराठी भाषांतर वा. गो. परांजपे यांनी केले.

‘पाहिले जाते’ यातून ‘हवे आहे’ हा अर्थ कसा आला? आजही आपण घर पाहतो, नोकरी पाहतो, मुलीसाठी स्थळ पाहतो. तिथे ‘पाहणे’ म्हणजे शोधणे. जे शोधले जाते ते हवे असते. म्हणून ‘कामगार पाहिजेत’ ही पाटी मूळच्या अर्थाच्या फार जवळ आहे: कामगार शोधले जात आहेत.

गुजरातीनेही हीच वाट धरली. तिथे ‘जोवुं’ म्हणजे पाहणे, आणि ‘मने पाणी जोईए’ म्हणजे मला पाणी पाहिजे. धातू वेगळा, पण ‘पाहणे’, त्याचा जुना कर्मणी प्रयोग आणि त्यातून गरजेचा अर्थ हा प्रवास तंतोतंत तोच. खानदेशात दोन्ही भाषांच्या मध्ये नांदणारी अहिराणी ‘जोयजे’ म्हणते. तिचा धातू गुजरातीकडचा आणि शेवट मराठीच्या ‘जे’सारखा. हिंदीचे ‘चाहिए’ही ‘चाह’ धातूच्या अशाच जुन्या कर्मणी रूपातून आलेले.

‘पाहिजे’ हे थिजलेले रूप. त्याला स्वतःचा भूतकाळ नाही, म्हणून ‘पाहिजे होते’ असे म्हणावे लागते. पण बोलणारे त्याला पुन्हा क्रियापदासारखे चालवू लागले. अनेक वस्तू असतील तर ‘पाहिजेत’, समोरच्याला सांगायचे तर ‘तू आले पाहिजेस’. कोल्हापूर, सातारा, पुणे या पट्ट्यात ‘पाहिजेल’ सर्रास ऐकू येते. शुद्धलेखनाच्या वहीत त्यावर लाल रेघ येते, पण भाषेच्या इतिहासात ही मोलाची गोष्ट आहे. ज्या रूपाचे प्रत्यय शेकडो वर्षांपूर्वी गोठले, त्याला लोकांनी नवे प्रत्यय दिले.

‘होणे’ची दुसरी वाट

‘हवा’ची गोष्ट वेगळी. अभ्यासक त्याचा संबंध ‘होणे’शी जोडतात. ‘व्हावा’ आणि ‘हवा’ ही जवळची भावंडे, दोन्हींत ‘आवा’ हा इच्छेचा आणि कर्तव्याचा प्रत्यय. म्हणजे ‘मला चहा हवा’ याच्या मुळाशी ‘मला चहा व्हावा’ अशी कल्पना आहे.

दक्षिणेकडे सरकले की या वाटेवर गर्दी दिसते. कोकणीत ‘जावप’ म्हणजे होणे, आणि त्याच धातूचे ‘जाय’ म्हणजे पाहिजे. दखनीत तर थेट ‘होना’. दिल्लीच्या उर्दूत ‘मुझे चाय चाहिए’ म्हणतात. हैदराबाद, विजापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या दखनीत ‘मेरेकु चाय होना’. तेलुगूत ‘नाकु टी कावाली’ म्हणतात, आणि ‘कावाली’तला ‘का’ हाही ‘होणे’ या अर्थाच्या धातूचाच. मराठी, कोकणी, दखनी आणि तेलुगू या चार भाषांत ‘हवे असणे’ हे ‘होणे’तून उगवले. एखाद्या वेळी हा योगायोग म्हणता आला असता. पण दख्खनच्या एकाच पठारावर आणि त्याच्या कडेला हे चारदा घडले असेल, तर शेजाराचा हात त्यात आहे असे मानणे अधिक सयुक्तिक.

कन्नडचा ‘बेकु’ मात्र ‘होणे’चा नाही. तो आणि ‘बेड’ हे दोन्ही मागणे, इच्छिणे या अर्थाच्या जुन्या द्राविडी धातूचे वंशज. तमिळचे ‘वेण्डुम्’ त्याच कुळातले. कन्नडमध्ये ‘बेडु’ म्हणजे मागणे, याचना करणे, हा अर्थ आजही जिवंत आहे.

बेळगाव भागात मराठी बोलणारा कन्नड शिकतो तेव्हा त्याला या शब्दाभोवतीची वाक्ये फार सोपी जातात. ‘तो आला पाहिजे’ याला ‘अवनु बरबेकु’. ‘तो गेला असला पाहिजे’ याला ‘अवनु होगिरबेकु’. ‘पाहिजे तर घे’ याला ‘बेकादरे तगो’. भरपूर या अर्थी मराठीत ‘पाहिजे तेवढे’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘बेकादष्टु’, आणि त्याचाही शब्दशः अर्थ पाहिजे तेवढे. दुकानात अदबीने मागायचे तर आपण मागणी भूतकाळात नेतो: ‘एक वही पाहिजे होती.’ कन्नड माणूसही तेच करतो: ‘बेकागित्तु’. गरज, कर्तव्य, तर्क, मुबलकता आणि अदब असे पाच अर्थ दोन्ही भाषांत एकाच शब्दाच्या पोटात आहेत.

नको: एकाच शब्दातला नकार

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो या शब्दाचा नकार.

हिंदीत ‘चाहिए’चा नकार ‘नहीं चाहिए’. गुजरातीत ‘नथी जोईतुं’. बंगालीत ‘चाइ’ला ‘ना’ जोडून ‘चाइ ना’. उत्तरेकडे रीत ठरलेली आहे: होकाराचा शब्द घ्यायचा आणि त्याला नकार चिकटवायचा. मराठीत ‘पाहिजे नाही’ असे कोणी म्हणत नाही. तिथे स्वतंत्र शब्द आहे: नको.

आता दक्षिणेचे शब्द पाहू. कन्नडमध्ये ‘बेकु’ आणि ‘बेड’. धारवाड-बेळगावच्या बोलीत ‘ब्याडा’. तमिळमध्ये ‘वेण्डुम्’ आणि ‘वेण्डाम्’. तेलुगूत ‘कावाली’ आणि ‘वद्दु’. तुळूत ‘बोडु’ आणि ‘बोडची’. कोकणीत ‘जाय’ आणि ‘नाका’. दखनीत ‘होना’ आणि ‘नक्को’. सगळीकडे ‘हवे’ला एक शब्द आणि ‘नको’ला दुसरा, अखंड शब्द.

साम्य इथेच संपत नाही. ‘नको’ दोन कामे करतो. ‘मला चहा नको’ म्हणजे इच्छा नाही, आणि ‘तिकडे जाऊ नको’ म्हणजे मनाई. हिंदीत ही दोन कामे दोन शब्दांत वाटली आहेत: ‘नहीं चाहिए’ आणि ‘मत जाओ’. कन्नडमध्ये मात्र ‘चा बेड’ आणि ‘होगबेड’. तेलुगूत ‘टी वद्दु’ आणि ‘वेळ्ळवद्दु’. कोकणीत ‘च्या नाका’ आणि ‘वचूं नाका’. दखनीत ‘चाय नक्को’ आणि ‘नक्को जाओ’. नको असणे आणि करू नको म्हणणे यांना एकच शब्द पुरतो, ही सवय कन्याकुमारीपासून वर येत येत मराठीपर्यंत पोचली आहे.

‘नको’तला ‘न’ आर्यभाषेचाच. शब्द बाहेरून आलेला नाही; त्याने केलेले काम दक्षिणेच्या धाटणीचे आहे. त्यामुळे मराठीच्या या जोडीत एक सुंदर गोष्ट दिसते. ‘पाहिजे’ बोलताना मराठी गुजराती-हिंदीच्या रांगेत असते आणि ‘नको’ बोलताना कन्नड-तेलुगूच्या. मराठी ही उत्तर-दक्षिणेला जोडणारी भाषा आहे, असे आपण मोघमपणे म्हणतो. त्याचा पुरावा रोजच्या जेवणाच्या पंगतीत, आग्रह आणि नकाराच्या दोन शब्दांत आहे.

‘नको’ मराठीतून पुढेही गेला. दखनी उर्दूने तो घेतला, जुन्या दखनी काव्यात तो रुळला, आणि आज हैदराबादी बोलीची ती ओळख मानली जाते. कर्नाटकातल्या मुसलमान घरांतही ‘नक्को’ आहे. मराठी न जाणणारी लाखो माणसे मराठीचा हा एक शब्द दिवसभर वापरतात.

या शब्दाची एक दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलगा व्हावा म्हणून मुलीचे नाव ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवण्याची चाल महाराष्ट्रात होती. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात जाहीर कार्यक्रम करून अशा 285 मुलींना नवी नावे देण्यात आली. रोजच्या वापरातला क्रियाशब्द माणसाचे नाव होतो, तेव्हा त्याचे ओझे आयुष्यभर वाहावे लागते. त्या मुलींना ते उतरवता आले, ही चांगली गोष्ट घडली.

दूरच्या भाषांतले ‘पाहिजे’

इच्छेच्या शब्दांचे असे फिरणे जगभर घडते. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, आइसलँडिक या जर्मानिक कुळातल्या बहिणी. त्यांचा मूळचा ‘इच्छिणे’ म्हणजे इंग्रजीचा ‘विल’ आणि जर्मनचा ‘वोलेन’. जर्मनमध्ये ‘इख विल’ म्हणजे आजही ‘मला पाहिजे’. इंग्रजीत मात्र ‘विल’ भविष्यकाळाच्या कामाला लागला आणि इच्छेची जागा रिकामी पडू लागली. तिथे ‘वाँट’ आला. तो इंग्लंडात वस्ती केलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतला, आणि त्याचा मूळ अर्थ उणीव असणे, कमी पडणे. ‘इच्छा असणे’ हा अर्थ त्याला 18व्या शतकाच्या सुरुवातीपासून ठळकपणे मिळाला. जे कमी पडते ते हवे असते, या तर्काने. आपल्याकडे जे शोधले जाते ते हवे झाले. तिकडे जे उणे आहे ते.

‘विल’चे एक कोडे शाळकरी मुलांनाही जाणवते. इंग्रजीत तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाला ‘स’ लागतो. ‘विल’ला लागत नाही. जर्मनमध्येही ‘एर विल’ला नेहमीचा ‘त’ लागत नाही. कारण हे रूप साध्या वर्तमानकाळाचे नाही. ते अतिप्राचीन विध्यर्थाचे, ‘व्हावे’ अशा भावाचे, थिजलेले रूप आहे. मराठीत कर्मणी थिजला, तिकडे विध्यर्थ. कुठल्याही भाषेत इच्छेचा शब्द व्याकरणाच्या नियमांना अपवाद दिसला, तर त्याच्यात जुने व्याकरण जपले गेले असण्याची शक्यता मोठी असते. जो शब्द रोज शेकडो वेळा वापरला जातो, तो नव्या नियमांना सहज वाकत नाही.

जुन्या इंग्रजीत ‘नको’ही होता. नकाराचा ‘ने’ आणि ‘विल’ एकजीव होऊन ‘निल’ झाला होता. पुढे तो गेला. ‘विली-निली’ या जोडशब्दात, म्हणजे ‘हवे असो वा नसो’ या अर्थात, त्याचा अवशेष राहिला.

आइसलँडिक आपल्याला सगळ्यात ओळखीची वाटावी. तिथे ‘मिग वान्तार’ म्हणजे मला गरज आहे आणि ‘मिग लाउंगार’ म्हणजे मला इच्छा आहे. ‘मिग’ हे ‘मी’चे द्वितीयेचे रूप. तिथेही इच्छा माणसाकडे येते. गंमत म्हणजे अनेक आइसलँडिक बोलणारे द्वितीया सोडून चतुर्थीतला ‘म्येर’ वापरू लागले आहेत, म्हणजे थेट आपल्या ‘मला’कडे वळले आहेत. तिथल्या शाळांत शिक्षक ही चूक म्हणून दुरुस्त करतात. ‘पाहिजेल’वरची आपली लाल रेघ आणि ती दुरुस्ती एकाच जातीची.

सीमेवरचे व्याकरण

सांगलीजवळच्या कुपवाड इथे जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास 1971 साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषाशास्त्रात गाजला. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, इतर घरांत मराठी, थोड्या घरांत तेलुगू, अशी त्या गावाची वाटणी होती. त्यांना आढळले की तिथे बोलल्या जाणाऱ्या कन्नड, मराठी आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एका भाषेतले वाक्य शब्दामागे शब्द ठेवून दुसरीत नेता येते. घरात आपली भाषा आणि बाहेर शेजाऱ्याची, हे शतकानुशतके चालले. शब्द वेगळे राहिले, कारण ते ओळख सांगतात. व्याकरण एक झाले, कारण ते रोज सगळ्यांना सोपे पडते.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर हा सारा पट्टा अशाच शेजारात घडला. 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागातल्या मराठी माणसांच्या मनातली त्याची वेदना खरी आहे आणि शाळेत, कचेरीत, पाटीवर मराठी असावी ही मागणी न्याय्य आहे. ती मागणी करताना शेजारची कन्नड परकी वाटायचे कारण नाही. आपल्या भाषेच्या नकाराची धाटणी त्या शेजारात घडली आहे.

म्हणून मला एक गोष्ट मनापासून सुचवावीशी वाटते. मच्छेसारख्या गावातल्या मराठी आणि कन्नड शाळांत पाचवी-सहावीच्या मुलांना फळ्यावर ही चार वाक्ये लिहून द्यावीत: मला पाणी पाहिजे, ननग नीरु बेकु, म्हाका उदक जाय, मेरेकु पानी होना. खाली चारही नकार लिहावेत. मग मुलांनी घरी आणि शेजारी विचारून आणखी वाक्ये आणावीत: आजी काय म्हणते, कारखान्यातले काका काय म्हणतात, खानापूरकडची मावशी काय म्हणते. कन्नड शिकायला बसलेल्या मराठी मुलाला कळेल की निम्मे व्याकरण त्याला आधीच येते. मराठी शिकणाऱ्या कन्नड मुलालाही तेच कळेल. या भागाची बोली नोंदवून ठेवायचे मोठे काम बाकी आहे, आणि ते करायला त्या बोलीत वाढणाऱ्या मुलांइतके लायक दुसरे कोणी नाही.